गोजरबाईच्या हाताबाबत

मी, राधाकिसन कडूबा वाघ, वय एकसष्ट, राहणार जाफराबाद, धंदा लेण्यांतील जुन्या चित्रांच्या नकला उतरवणे, स्वतःच्या हाताने ही वसीयत लिहीत आहे. डोळे अधू झाले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी धाक घालून लिहवून घेतलेले नाही. असे म्हणावे लागते म्हणून म्हणतो. मला धाक घालायला आता उरले आहे कोण?

कलम १. राहते घर आणि नदीकाठची साडेतीन एकर जमीन माझी एकुलती मुलगी तुळजाबाई हिला द्यावी. भाऊबंदांनी तोंड वाकडे करू नये.

कलम २. कुंचले आणि रंगाच्या वाट्याही तिलाच. कुंचले खारीच्या केसांचे आहेत, उंदरांपासून जपावेत.

कलम ३. पत्र्याच्या नळीत मी लेण्यात भिंतीला लावून उतरवलेला मूळ कागद आहे. तो काकासाहेबाला कदापि देऊ नये. काकासाहेब म्हणजे माझा बालमित्र, आता हैदराबादेतील मोठा विद्वान. या कागदासाठी त्याने तीनदा माणूस पाठवला. कारण लिहून ठेवतो.

भिंतीवरच्या एका उपासिकेचा हात गिलाव्यासकट पडला होता. पडलेली जागा कोरी सोडायची, हा आमच्या कामाचा नियम. पण त्या दिवशी माझी बायको गोजरबाई लेण्याच्या दाराशी पांढरी चादर धरून, तिच्यावर पडलेले ऊन आतल्या अंधारात परतवत उभी होती. तिचा वर धरलेला हात मी त्या जागी काढला. करंगळीसकट. ती करंगळी जालन्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये चेंगरून कायमची वाकलेली होती. भोवती ठिपक्यांची रेघ मारली आणि काकासाहेबाला तोंडावर सांगितले की एवढी भर माझी आहे. तो म्हणाला, "राहू दे, सुरेख आहे."

छापताना त्याने ठिपके गाळले, ते आता या कागदावरच उरले आहेत. त्या करंगळीवर पुस्तकात अकरा पाने लिहिली: अशी बोटे चीन देशातील लेण्यांत दिसतात, सबब इथे चिनी चित्रकार येऊन गेले. परदेशातल्या पंडितांनी माना डोलावल्या. पुस्तकात लेण्यातल्या वटवाघळांचा उल्लेख आहे, माझा नाही. माझ्यासोबत एकाच पाटीवर अक्षरे गिरवलेल्या माणसाने हे केले, याचा राग मी सोबत घेऊन जाणार आहे.

तो माझ्या दहाव्याला आला तर त्याला पोटभर जेवू घालावे. भाषण करू देऊ नये.

कलम ४. हे लिहायला तीन दिवस लागले. हैदराबादेत चिनी आणि बौद्ध चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा मी गोजरबाईला हौसेने नेले. काकासाहेब पाहुण्यांना या कागदावरून रंगवलेले आमचे चित्र समजावून देत होता. ती पुढे झाली आणि म्हणाली, "ह्यो तं माझा हात हाय. करंगळी बघा की." सगळे हसले. काकासाहेबाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "न्हाई, तुला भास झाला."

पुढच्या कामाची आशा होती, म्हणून म्हणालो. काम मिळाले. ती मात्र परत कधी लेण्यात आली नाही. दोन वर्षांनी गेली. काकासाहेबाने मला फसवले ते पुस्तकात. मी तिला तिच्या देखत फसवले.

म्हणून तुळजाबाईने हा कागद घेऊन हैदराबादेस जावे आणि तिथे अजून टांगलेल्या त्या चित्राखाली आईचे नाव लावून मागावे. त्यांनी चित्रच भिंतीवरून काढून टाकले तरी हरकत नाही, पण नाव मागावे.

कलम ५. ती पांढरी चादर पेटीत आहे. माझ्या देहावर घालू नये. माझी तेवढी लायकी नाही.

जाफराबाद, माघ वद्य पंचमी, शके १८६८.
सही: राधाकिसन कडूबा वाघ

साक्षीदार:
१. आबाराव, शाळामास्तर. सही. वसीयत मोठ्याने वाचून दाखवली.
२. कचरू, प्रदर्शनात चित्रांच्या पेट्या वाहणारा. निशाणी अंगठा. त्याने सांगितलेले तसेच लिहिले आहे: "वाचलं ते बराबर हाय. मी तिथंच व्हतो. करंगळी मी बी वळखली व्हती. सगळे हसले तवा बाईनं माझ्याकडं पाह्यलं. मी मान खाली घातली."