गालावरच्या तीन रेघा

प्रिय मुली,

आपण अजून भेटलेलो नाही, अशी तुझी समजूत आहे. माझे चिरंजीव येत्या शुक्रवारी तुझ्याशी लग्न करणार आहेत, आणि आईला गुडघ्यांमुळे नोंदणी कचेरीचा जिना चढवत नाही म्हणून ती येणार नाही, असं त्याने तुला सांगितलं आहे. त्यातून तू काय समजलीस, तेही मला ठाऊक आहे. तिखट म्हातारीला दुकानात काम करणारी सून नको आहे.

तर ऐक. मंगळवारी दुपारी तोंडाला राखाडी स्कार्फ गुंडाळून फाउंडेशन घ्यायला आलेली आणि 'मावशी' म्हटल्याबरोबर तुझ्यावर डाफरलेली बाई मीच. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. मला मावशी म्हणायची कुणाची छाती नव्हती. तू हसून म्हणालीस, "बरं, मॅडम म्हणते. पण मॅडम, स्कार्फ काढल्याशिवाय रंग कुणाचा बघू? स्कार्फचा?"

आमच्या कॉन्व्हेंटात पावडर लावून आलेल्या मुलीचं तोंड सिस्टर सगळ्यांदेखत नळाखाली धुवायच्या. त्यामुळे या रंगरंगोटीत मी ढच. रिटायर झाले त्याच वर्षी ओठाच्या कडेला पांढरा डाग उठला, तो आता गालभर पसरलाय. गेल्या महिन्यात दुसऱ्या दुकानातल्या एका टायवाल्याने डागाकडे टक लावून बघत सगळ्यांत उजळ बाटली माझ्या गळ्यात मारली. म्हणे, बाकीचा चेहरा डागासारखा केला की डाग दिसणारच नाही! आणि मी, चांगली शिकलेली बाई, त्याचं ऐकलं. घरी आरशात बघते तर नुकताच चुना मारलेली भिंत, खाली मान मात्र जुनीच. असा माणूस माझ्या हाताखाली आठ दिवस टिकला नसता.

तू डागाबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मी रंग मनगटावर लावू गेले तर हात धरलास. लोक काय मनगट बघून बोलतात का, म्हणालीस. चांगल्या गालाच्या कडेला, थेट मानेपर्यंत, तीन रंगांच्या तीन रेघा ओढल्यास. दुकानातले दिवे खोटं बोलतात म्हणून मला दाराशी उजेडात नेलंस. वाळल्यावर रंग गडद होतो म्हणून दहा मिनिटं ताटकळत ठेवलंस. मागची गिऱ्हाइकं चुळबुळत होती, तू ढिम्म. तिसरी रेघ कातडीत मिसळून दिसेनाशी झाली तेव्हा म्हणालीस, "ही तुमची. डागाला नाही जुळवायचं मॅडम, तुम्हाला जुळवायचं." मग तोच रंग डागावर हलकेच थोपटलास. इतक्या वर्षांत माझ्या त्या गालाला डॉक्टर सोडून कुणी हात लावला नव्हता.

कुठे जायचंय, विचारलंस. लग्नाला जावं की नाही ते ठरत नाही, म्हटलं. तू ब्रश पुसत म्हणालीस, "जा हो. माझ्या लग्नाला घरचं एक माणूस येत नाहीये. फार लागतं ते."

मी चष्मा लावून तुझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, तेव्हा ते न येणारं माणूस कोण ते कळलं. मीच!

म्हणून हे पत्र. माझे गुडघे ठणठणीत आहेत. तुझ्याशी किंवा तुझ्या नोकरीशी माझं काही वाकडं नव्हतं. लग्नाच्या फोटोत हा चेहरा नको, एवढंच होतं. ते पोटच्या पोराला सांगायची लाज वाटली, म्हणून त्याला भलतंच समजू दिलं. तीनदा तुझी भेट टाळली तीही त्याचसाठी. माझा तोरा सांभाळायला तू तीन महिने नकोशी सून होऊन राहिलीस. माफ कर. माफी मागायची मला सवय नाही, तेव्हा जमली तशी गोड मानून घे. आणि तुझे उपकार मी विसरणार नाही. शुक्रवारी मी येतेय. बाटलीतलं लावून की अशीच, ते सकाळी ठरवीन. फोटोत मात्र अगदी तुझ्या शेजारी उभी राहीन, आणि फोटोवाल्याने जरा कडेला व्हा म्हटलं, तर त्याची धडगत नाही.

तुझीच,
होऊ घातलेली सासू