बनियनवरचा डाग

ती. ताई,

तुला आणि भावोजींना इथूनच वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवतो, काळजी नको.

आता सांगतो त्यावर हसू नकोस. बनियनवर छातीपाशी तपकिरी डाग पडायचा. मशीनचं ग्रीस समजून मी तो साबणाने घासत बसलो. मग तिथेच गाठ हाताला लागली. सुई घालून तपासली, तर स्तनाचा कॅन्सर निघाला. हो, पुरुषांनाही होतो म्हणे.

दवाखान्यात बाकावर सगळ्या बायकाच. नर्स म्हणाली, "पेशंटला आत पाठवा, तुम्ही बाहेर थांबा." आणि मी खरंच बाहेर जाऊन उभा राहिलो गं! शेवटी माझ्या हातातली चिठ्ठी वाचून बाकावरच्या एका आजींनी मला हाताला धरून आत नेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी ऑपरेशन आहे. वेळेत सापडलं, असं डॉक्टर म्हणतात. कारखान्यात मी हर्निया सांगितलाय.

घरात आणखी कोणाला होता, असं त्यांनी विचारलं. आईचं सांगितलं. ते म्हणाले, बहिणीलाही तपासून घ्यायला सांगा.

आईसारखी लपवत बसू नकोस, ताई. या आठवड्यातच जा. तुझ्या वाटणीचंही मीच लाजून घेतलंय.

तुझा धाकटा