माझ्या आईच्या कबरीबाबत

मी, आंतोन गोविंदा खंडारे, वय ४९, धंदा सुतारकाम, राहणार बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, तापलेले असले तरी.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी दीपा हिची. रंधे, करवती, पटाशा मुलगी उर्वशीच्या. विकल्या तरी चालेल, गंजू देऊ नयेत.

२. शेतातला माझा हिस्सा आजवर धाकटा भाऊ रोशन वाहत आला. तोही यापुढे दीपाचा. रोशनला काहीही नाही. हे विसरून राहिलेले नाही.

कारण लिहितो. गावात ख्रिस्ती लोकांची दफनभूमी नाही, म्हणून आई सुखीबाई हिला माझ्याच हिश्श्यात धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, पुरले होते. सागाचा क्रूस मी केला. दर दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आम्ही तिथे मेणबत्त्या लावतो आणि फादर कबरीवर पवित्र पाणी शिंपडतात. काल फादर आले, तर कबरच नव्हती. हरभऱ्यासाठी रोशनने क्रूस उपटला, धुरा फोडला, खुणेचा पळसही तोडला. सगळीकडे नुसती ढेकळे.

"कुठे शिंपडू?" फादरांनी विचारले.

रोशन म्हणाला, "दादा, ट्रॅक्टर वळवाले अडचण होत होती. माय का अजून तिथं बसून राह्यली?"

"भाऊजी, सासूबाईले तेवढीबी जागा द्याले जड झालं का तुमाले?" दीपा म्हणाली.

तो हसला. फादरांनी अंदाजाने पाणी शिंपडले.

३. क्षमा करणे माझे कर्तव्य आहे, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल फादरांशी बोलेन. इथे मी जमिनीबद्दल लिहीत आहे.

४. मला आईच्या शेजारी पुरावे. क्रूस त्यानेच उपटला, म्हणून नेमकी जागा आता एकट्या रोशनला माहीत आहे. माझी शवपेटी शेतात नेऊन ठेवावी आणि त्याला सगळ्यांदेखत बोलवावे. तो बोट दाखवेपर्यंत कोणी कुदळ मारू नये. त्याला वेळ लागला, तर लोकांनी तोवर बसून रोझरीची प्रार्थना म्हणावी.

वाचून, समजून सही केली.
आंतोन गोविंदा खंडारे

आमच्यासमक्ष सही झाली:
१. उत्तमसिंग राठोड, शेजारी
२. विमलताई मेश्राम, शिक्षिका

बाभुळगाव, ३ नोव्हेंबर २०२५