बारावी सळई

६ सप्टेंबर, शनिवार. मोखाडा.
आजपासून राग बंद. डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली. मी सांगितलं, मी रागावतच नाही, लोक चुकीचं वागतात. त्यांनी ऐकलं नाही. परत येताना जीपवाल्याने माझ्या अर्ध्या सीटवर आणखी एक माणूस कोंबला. त्याला सुनावलं. रागाने नव्हे, तत्त्वाने.

९ सप्टेंबर
न्यूजलेटर आलं. मशीनने जमिनीच्या वरच्या थरांचा तपास करणारे जगभरचे लोक ते काढतात. मागे त्यांच्या वेबिनारला नाव दिलं होतं, तेव्हापासून मला 'डियर कलीग' म्हणतात. इथे कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक. मला 'अहो, जरा इकडे या' म्हणतात.
कोणाला तरी मेडल. कुठे तरी पीएचडीची जागा, वय पस्तिशीच्या आत. सगळ्यात खाली एक संधी: लहान गावाच्या पाण्यासाठी सर्व्हे करा, एक पान लिहून पाठवा, निवड झाली तर बोअर आमच्या खर्चाने. मुदत ऑक्टोबरअखेर.
जामसरच्या आमच्या पाड्याला बोअर हवीच. बायका अजून पाण्याला खाली झिऱ्यावर जातात. मे महिन्यात त्याच वाटेवर माझी बायको रंजना हंड्यासकट घसरली. जीप यायला दुपार झाली. जव्हारच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.
या विषयावर लिहायचं नाही असं ठरलं आहे. फक्त बोअर.

१३ सप्टेंबर
प्लॅन. आठवड्यात सर्व्हे. पुढच्या आठवड्यात ते पान. इंग्रजी माझं चांगलं आहे, सवय नाही इतकंच.
कॉलेजच्या कपाटात जुनं रेझिस्टिव्हिटी मीटर आहे. एका रांगेत सळया ठोकायच्या, वीज सोडायची. खाली ओल असेल तर वीज सहज जाते, रीडिंग पडतं. काळा दगड असेल तर रीडिंग चढतं. सर म्हणाले, न्या, नाहीतरी भंगारातच जाणार आहे. पण बिघडवू नका.
भंगार कसं बिघडवतात, हे विचारलं नाही. राग बंद आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
पाऊस. नाइलाज.

२८ सप्टेंबर, रविवार
बॅटरी चार्ज नव्हती. लाइट नव्हती. महावितरणला फोन केला, कोणी उचलला नाही. उचलेपर्यंत करत राहिलो. उचलल्यावर काय बोललो ते लिहीत नाही.
पान अजून कोरं. सर्व्हेच्या आधी लिहिणं अशास्त्रीय ठरेल.

१२ ऑक्टोबर, रविवार. जामसर.
सर्व्हे झाला. यशस्वी. माणसं मात्र अशक्य.
घरामागच्या वरकस माळातून सरळ खाली ओहोळापर्यंत रांग धरली. गवत कमरेएवढं. धाकटा भाऊ रोहिदास सळया ठोकायला. त्याची बायको लाडकी अंगणातून ओरडली, "भावजी, जमिनीला सलाईन लावता काय?" पोरी हसल्या. रघ्या आजाला वाटलं धरणाची मोजणी आली. आम्ही पुढे ठोकतोय, तो मागून उपटतोय. त्याला समजावलं. माझा आवाज मुळातच मोठा आहे.
बाराव्या सळईपाशी रोहिदास थांबला. म्हणाला, दादा, रांग जरा बाजूने घेऊ. मी म्हटलं, विज्ञान कोणासाठी वाकडं जात नाही. मग त्याने चपला काढल्या. मी म्हटलं, करंट चालू आहे, मूर्खा, चपला घाल. घातल्या नाहीत. वरची माती वाळलेली, म्हणून प्रत्येक सळईला आम्ही मिठाचं पाणी ओततो, वीज नीट जावी म्हणून. इथे त्याने ओतलंच नाही. म्हणाला, इथं नको. आळशीपणाची हद्द.
आणि तरी रीडिंग धाडकन खाली! शेजारच्या सळया दगड दाखवतात, बारावीला मात्र ओलच ओल. पुन्हा घेतलं, तेच. फक्त फार वर, पुरुषभर खोलीवर. म्हणजे खणायलाही सोपं.
आनंद झाला. रोहिदासला झाला नाही. तो सळई उपटून माती हाताने थोपटत बसला. बॅटरी उतरत होती, ओरडावं लागलं.

१९ ऑक्टोबर
पान पूर्ण. पाठवलं. मुदतीच्या आधी. 'कलीग' उगाच म्हणत नाहीत.

२६ ऑक्टोबर, रविवार. जामसर.
दिवाळीला सगळे घरी आहेत, म्हणून पाड्याची मीटिंग घेतली. म्हटलं, बोअर येईल तेव्हा येईल, जागा मिळाली आहे, उद्यापासून श्रमदानाने खणू. वरकसात नेऊन बोट दाखवलं.
 फागी काकीने तोंडाला पदर लावला. धनेश म्हणाला, भाऊ, तिथं नाय हात चालायचा माझा. कारण विचारलं तर घराकडे वळला. एकेक करून सगळे निघून गेले.
अडाणी. यांच्यासाठी मी मशीन वाहतो. त्यांच्या बायका त्या वाटेवर पडल्या की मग कळेल. हेही तोंडावर सांगितलं. आई आत निघून गेली. जेवायला वाढलं आणि पुन्हा आत गेली. 
यापुढे जामसरसाठी काही करायचं नाही. बोअर सोडून.

४ नोव्हेंबर
न्यूजलेटरच्या बाईंचं उत्तर. डेटा फार स्वच्छ आहे म्हणतात. पण पाणी इतकं वर आणि इतक्याशा जागेत नसतं. तिथे खत, मीठ किंवा काही पुरलेलं नाही ना, याची कृपया खात्री करावी.
परदेशात बसून मला शिकवतात. ताबडतोब लिहिलं: बाराव्या सळईला मिठाचं पाणी ओतलेलंच नाही, माझ्या डोळ्यांदेखत. पाठवण्याआधी पुरावा म्हणून रोहिदासला फोन केला.

त्याच दिवशी
 रोहिदास म्हणाला, दादा, मीठ हाय ना तिथं. वयनीला मातीत ठेवलं तेव्हा दोन गोणी खडेमीठ घातलं. तूच मोखाड्याहून आणलंस.
मी म्हटलं, रंजना तिथे कशी? आपली माणसं ओहोळापलीकडे असतात.
म्हणाला, आय म्हणाली, माझी सून घराजवळच राहील. तुला बोलवायला दोनदा आलो. तू वर रस्त्यावर जीपवाल्याशी भांडत होतास.
खरं आहे. गोण्या उतरवल्या आणि भांडत राहिलो. दवाखान्यात न्यायला उशीर का केला, ते जीपवाल्याने सांगावं म्हणून. मी खाली आलो तेव्हा सगळे परतत होते.
मी विचारलं, मग सर्व्हेच्या दिवशी बोलला का नाहीस? म्हणाला, मला वाटलं तुला माहीत हाय. तिच्यापाशी जायला तुला निमित्त पाहिजे, म्हणून मशीन आणलंस.
फोन मी ठेवला. जोरात नाही.

७ नोव्हेंबर
बाईंना खरं काय ते कळवलं. अर्ज मागे घेतला. बाकीच्या सळयांखाली नुसता काळा दगड आहे.
लगेच उत्तर आलं. मनापासून दुःख व्यक्त केलं आहे. खाली लिहिलं आहे की निशाणी नसलेल्या कबरी मशीनने शोधण्यावर त्यांचा विशेषांक निघतो आहे, इतका स्वच्छ डेटा क्वचित मिळतो, 'डियर कलीग' यांनी विचार करावा.
निशाणी आहे. दगड रचलेले आहेत, रोहिदासने सांगितलं. गवत वाढलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार. जामसर.
मशीन कॉलेजात परत ठेवलं. विळा घेऊन गेलो. रोहिदासला येऊ नको म्हटलं, तो आला. चपला वर काढून ठेवल्या, दोघांच्या. गवत कापलं. दगड सापडले.
ऊन होतं. आई पाणी घेऊन आली. झिऱ्यावरून, त्याच वाटेने, एकटी. मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, पी आधी.
तांब्याभर सगळं मीच प्यालो.