उजव्या इंजिनाचं तेल

१२ मार्च, शनिवार

आज तेल जळताना पाहिलं! इतके दिवस नुसती काचेची भांडी धुतली. आज पोलिक्सेनीबाईंनी – प्रयोगशाळा त्यांचीच – मला पहिल्यांदा स्पेक्ट्रोमीटरपाशी बसवलं. कुठल्याशा जहाजाच्या इंजिनातलं टोपणभर काळं तेल. त्यात एक चकती फिरते, तेल वर उचलते, आणि वरून ठिणगी – असा लखलखाट की काळ्या काचेतूनही डोळे दिपले. त्या उजेडावरून मशीन सांगतं, लोखंड इतकं, तांबं इतकं, कथील इतकं. प्रत्येक धातूचा उजेड निराळा! म्हणजे इंजिनाचा कुठला भाग झिजतोय ते इंजिन न उघडताच कळतं. मी बघतच राहिले. बाई म्हणाल्या, "तोंड मिट, धूर जाईल."

घरी येऊन सगळं धडाधडा सांगितलं. बाबा 'मार्मारिनी'वर चीफ इंजिनियर – बेटांवर जाणारी फेरीबोट, माझ्याहून वयाने मोठी. ते नुसते हसले. इंजिन काय दवाखान्यात चाललंय का, रक्त तपासायला, म्हणे.

१४ मार्च, सोमवार

ईस्टरआधीचा उपास सुरू. गच्चीवर पतंग, लागानाचा चपटा पाव, ऑलिव्ह, हलवा. बाबांना सुट्टी, त्यामुळे स्वारी रंगात. लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रात्यक्षिक झालं. ते दोन इंजिनांच्या मधल्या बोळात उभे राहतात. टोक इंजिनाला, मूठ कानाला. डाव्या इंजिनाला डावा कान, उजव्याला उजवा – जन्मात कधी अदलाबदल नाही! आतलं बेअरिंग कण्हलं तरी कळतं म्हणे. मधेच आईने पाव मागितला, दोनदा मागितला. ढिम्म. "इंजिन कण्हलेलं कळतं, बायको ओरडलेली नाही," आई म्हणाली.

मग एकदम त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या मशीनला बेअरिंगचंही कळतं?"

कळतं म्हटलं. बेअरिंग झिजलं की तेलात कथील आणि शिसं वाढतं. बाबा पतंगाची दोरी गुंडाळायला लागले.

१८ मार्च, शुक्रवार

गाळणकागदावर तेलाचा एक थेंब टाकायचा आणि थांबायचं – काळा गाभा, करडं कडं, बाहेर पिवळसर झालर, सगळं आपोआप उमलतं! दुपारभर तेच करत बसले.

२३ मार्च, बुधवार

'मार्मारिनी'च्या बाटल्या आल्या!! कंपनीने आता सगळ्या फेरीबोटींना तेल पाठवणं सक्तीचं केलंय. दोन बाटल्या, डावं इंजिन, उजवं इंजिन, बाबांचं तिरकं अक्षर. आणि निकाल? दोन्ही ठणठणीत, आणि अगदी सारखे! लोखंड तेच, तांबं तेच, तेलाचा दाटपणा तोच. थेंबांचे डागसुद्धा जुळ्या बहिणींसारखे. एवढी जुनी इंजिनं आणि दोन्ही अशी एकसारखी सांभाळलेली! मी अभिमानाने कागद बाईंपुढे नाचवला.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "परत लाव."

परत लावलं. परत तेच.

२४ मार्च, गुरुवार

बाईंनी दुसऱ्या जहाजांचे निकाल माझ्यापुढे ठेवले. एकाच दिवशी बसवलेली, एकच तेल प्यायलेली इंजिनं. एकाही जोडीचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. मला कळलं तेव्हा कान गरम झाले. बाबांनी दोन्ही बाटल्या एकाच इंजिनातून भरल्यात.

बाई म्हणाल्या, हे काम मी दुसऱ्या कुणाला देते. मी नको म्हटलं. का नको म्हटलं?

२५ मार्च, शुक्रवार

सणाचा कॉड मासा, लसणाची चटणी स्कोर्दालिया. मी जेवणातच आवाज चढवून विचारलं. बाबांनी काटा खाली ठेवला.

"उजव्याचा आवाज खोल गेलाय," ते म्हणाले. "वर्ष झालं. आत काहीतरी मरतंय. मी त्याला हळू चालवतो, जपतो. पण तुमच्या कागदावर आलं की मालक ते उघडणार नाही, जहाजच भंगारात काढेल."

"आणि ईस्टरला माणसं खच्चून भरून निघालात आणि भर समुद्रात ते बंद पडलं तर?"

"माझ्या हातात आजवर पडलेलं नाही."

ते उठून गेले. आईने ताट झाकून ठेवलं आणि माझ्यावरच चिडली. मासा मलाही गेला नाही. ज्या माणसाने मला इंजिन म्हणजे काय ते शिकवलं, तो खोटी बाटली भरतो – आणि तरी त्याची कीवच येते.

२८ मार्च, सोमवार

'नमुने अमान्य. उजव्या इंजिनाचे तेल पुन्हा पाठवावे.' खाली सही माझी.

३१ मार्च, गुरुवार

बाबा फेरीवरून आले. टेबलावर माझी जागा नेहमीची, त्यांच्या उजव्या हाताला. हळूच म्हटलं, रागावलात का? मान वर न करता जेवत राहिले. इतका राग!

२ एप्रिल, शनिवार

बाबा स्वतः आले! हातात बाटली, अजून कोमट. बाईंना म्हणाले, "उजव्यातलं आहे. मुलीसमोर काढलं नाही, पण शपथेवर सांगतो." बाईंनी त्यांना काळी काच दिली आणि माझ्याशेजारी बसवलं.

ठिणगी पडली. बाबांनी टोपी काढली – चर्चमध्ये काढतात तशी. सगळं जळून संपेपर्यंत हलले नाहीत. किती सुंदर आहे, एवढंच पुटपुटले. मी बटणाकडे बघत होते. मला आकड्यांची भीती वाटत होती.

कथील जवळजवळ नाही. शिसं नाही. लोखंड डाव्यापेक्षाही कमी!

बाबा म्हणाले, चूक आहे. पुन्हा लावलं. तेच. चुंबकावरून तेल ओतून पाहिलं, एक कण चिकटला नाही. इंजिन निरोगी आहे, बेअरिंग निरोगी आहे, 'मार्मारिनी' भंगारात जात नाही! मी त्यांच्या गळ्यातच पडले. बाई चक्क कॉफी करायला उठल्या.

बाबा मात्र कागद धरून बसून राहिले. "मग त्याचा आवाज गेला कुठे?" म्हणाले.

३ एप्रिल, रविवार

जेवताना त्यांच्या उजव्या बाजूने हळूच हाक मारली – बाबा. जेवत राहिले. मी उठून डाव्या बाजूला गेले, तेवढ्याच आवाजात पुन्हा म्हटलं.

"काय गं?" म्हणाले.