चिऊला माझ्याकडे धाडू नकोस

देवास,
७ मे २००६

चि. सौ. अलका हीस,

विनोदिनीचे आशीर्वाद. इकडे नळ चार दिवसांआड, तोही पहाटे, म्हणजे हंडे-कळशा घेऊन माझी ड्यूटी सुरूच. गुडघ्यांचं रडगाणं गात नाही. तात्याला म्हणावं, धारहून देवास काही विलायत नाही, बहिणीकडे कधीतरी ये.

तुझं पत्र परवा मिळालं. चार वेळा वाचलं. चिऊचं वजन चौतीस किलो, आता खाल्लं नाही तर भरती करावं लागेल म्हणतात डॉक्टर. आणि तू लिहितेस, "वन्सं, सुट्टीभर तिला ठेवून घ्या. लहानपणी तुमच्याकडेच तेवढी निमूट जेवायची."

अलका, तिला माझ्याकडे धाडू नकोस.

रागावू नकोस, आधी पुढचं वाच. तात्याची बदली कन्नौदला होती तेव्हा तिसरी-चौथी ती माझ्याकडे राहून शिकली, माझ्याच वर्गात. आमच्या शाळेत नियम होता: खाऊन झालं की डबा उलटा करून मॅडमला दाखवायचा, मगच मैदानात जायचं. नियम शाळेचा, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. साफ खोटं. नियम मी काढला होता. बड्या मॅडमनी तो सगळ्या वर्गांना लावला तेव्हा काय फुशारले होते म्हणून सांगू! डबा संपला की वर्गानं टाळ्या वाजवायच्या, ही अक्कलसुद्धा माझीच.

एकदा चिऊनं डबा अर्धाच खाल्ला. गिलक्याची भाजी होती. "आत्या, पेट दुखतंय," म्हणाली. मला वाटलं, नाटक. शिवाय भाचीला सोडलं तर बाकीची पोरं काय म्हणतील? त्यांना खेळायला सोडलं, हिला व्हरांड्यात बसवलं. पोरगी ओकली गं, अलका. मी तोंड पुसलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "चल, उरलेलं संपव." तिनं संपवलं. माझ्याकडे बघत, एकेक घास. मधली सुट्टी संपल्यावर मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

त्याच संध्याकाळी तुला फोन केला, "चिऊ आता सगळं खाते हो!" किती खूश झाली होतीस तू.

आणखी एक राहिलंय. गेल्या दिवाळीला तुम्ही सगळे आलात. जेवण झाल्यावर सतरा वर्षांची पोर ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, तिरपं करून दाखवलं नि म्हणाली, "आत्या, हो गया." तुम्ही हसलात. मीही हसले. मग ती मोरीत गेली आणि बादलीतलं पाणी ओतत राहिली. त्या आवाजाआडून ती ओकत होती, ते मला ऐकू आलं. मी दार वाजवलं नाही. बाहेर आली तेव्हा विचारलं काय, तर "श्रीखंड घेतेस का थोडं?" आणि तिनं घेतलं!

सहा महिने तुला कळवलं नाही. लाज वाटली, दुसरं काय.

तिला इंदूरला मोठ्या डॉक्टरांकडे ने. हे सगळं सांग त्यांना, माझं नाव घेऊन सांग. घरात तिच्या ताटाकडे कोणी बघू नका. टाकलं तर टाकू दे. तात्याला म्हणावं, खाल्लं तरी शाब्बास म्हणू नकोस.

माझ्या हातचं तिला गोड लागतं असं तुला वाटतं. नाही गं. ती मला घाबरते, म्हणून गिळते. इथे आली तर रोज ताट साफ करील, तुला फोनवर बरं वाटेल, आणि मोरीत काय चाललंय ते मी एकटी ऐकत बसेन.

मला मूलबाळ नाही. तीच माझी होती. तुझं पत्र आलं त्या दिवशी वेड्यासारखी खोली झाडली, तिच्यासाठी चादर बदलली. मग भानावर आले. ती यावी असं फार वाटतं, अलका. तरी नको.

एरवी शेवटी चिऊला आशीर्वाद लिहिते. ह्या वेळी तिला माझं काहीच सांगू नकोस. आत्यानं विचारलंय एवढं कळलं, तरी ती जेवून दाखवील.

तुझी आणि तिचीही अपराधी,
विनोदिनी