आवाज न आलेली फाईल

६ नोव्हें. २००८, गुरु.
दिलीप येऊन गेला. बुरोंडीचा, ह्यांच्याच बोटीवर होता, काँट्रॅक्ट संपलं म्हणून उतरला. बोटीवरून कोणी घरी निघालं की त्याच्या हाती ह्यांचा पुडा येतोच. साबण, खजूर, सासूबाईंना बाम. या वेळी पुडा नाही, नुसती एक सीडी. ह्यांनी म्हणे दिलीपचा मोबाईल मागून घेतला, केबिनचं दार लावून एकटेच बोलले, आणि 'घरी दे' म्हणून परत केला. दिलीपने मुंबईत ते सीडीवर घेतलं नि मोबाईलमधून पुसून टाकलं. बघितलं नाही म्हणतो. तब्येत कशी आहे विचारलं, तर "बरे आहेत वहिनी," पण चहाच्या कपाकडे बघून.
दिवाळीतही फोन नाही. बोटीच्या कंपनीचे ऑफिसवाले म्हणतात बोट नांगरावर आहे, काळजी नको.
सीडीत एकच फाईल. माझ्या कॉम्प्युटरवर उघडत नाही.

७ शुक्र.
टायपिंगची कामं बाजूला ठेवली. फाईल मोबाईलची आहे, वेगळ्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यावी लागणार. इंटरनेटवर 'फुकट' म्हणून शोधलं तर ढीगभर सॉफ्टवेअर. पहिलं फुकट म्हणजे थोडासाच तुकडा फुकट, वर चित्रावर आडवं त्यांचं नाव छापणार. ह्यांच्या तोंडावर कोणाचं नाव नको. काढून टाकलं. दुसऱ्याला अँटिव्हायरसने लाल पाटी दाखवली. तेही लगेच काढलं. शाळेच्या प्रश्नपत्रिका आहेत यात. आधी सीडीची कॉपी करून घेतली, ती खराब झाली तर...
बाजारात स्टुडिओ आहे, पण तिथे चार माणसांत नाही बघायचं मला.

८ शनि.
तिसरं. हे खरंच फुकट, हौशी लोकांनी मिळून केलेलं. पट्टी निम्म्यावर सरकली आणि लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ विसरले, गाढव मी. खरं लिहायचं तर बरं वाटलं. बघणं एक दिवस लांबलं.

९ रवि.
झाली. सासूबाईंना बोलावलं, त्यांचाच मुलगा. चित्र आलं. हे बोलतायत, आवाज नाही. स्पीकर बघितला, वायर हलवली, गाणं लावलं तर ते वाजतंय. म्हणजे बदलताना आवाज गळला. किती वाळलेत. मधेच थांबून नाक पुसलं, परत बोलायला लागले.
सासूबाईंना कित्येक वर्षं ऐकू येत नाही, पण ओठ बघून सगळं कळतं. टीव्हीवरच्या मालिका अशाच बघतात. पुढे सरकून शेवटपर्यंत बघितलं. काय म्हणाले, विचारलं. "बरा आहे म्हणतो. वेळेवर जेवा म्हणतो." एवढंच? एवढा वेळ? तर म्हणे, लांबण लावायची सवयच त्याला.
हे आणि लांबण? फोनवर चार शब्दांत आटपणारा माणूस. ताटावर बसल्या, दोन घास खाऊन उठल्या.

१० सोम.
दिलीप फोन उचलत नाही. सासूबाईंना परत विचारलं. आज 'वेळेवर जेवा' नाही, 'पैशाची काळजी करू नका' म्हणाले होते म्हणे. काल काय सांगितलं ते त्यांच्या लक्षात नाही. मला आता त्यांची पण भीती वाटते.
दुपारभर थांबवून थांबवून ओठ बघत बसले. माझं नाव येतं, एकदा सुरुवातीला, एकदा अगदी शेवटी. मधलं काही कळत नाही.

१२ बुध.
नेटवर कोणीतरी माझ्यासारखंच रडगाणं लिहिलं होतं, खाली उत्तर. मोबाईलचा आवाज निराळ्या जातीचा असतो, त्यासाठी या सॉफ्टवेअरला आणखी एक तुकडा जोडायचा, तोही फुकट. जोडला. पट्टी पूर्ण झाली. नवी फाईल आधीपेक्षा जड आहे, म्हणजे आवाज असणार.
सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या, मला कळलंच नाही. विचारलं, झाला काय आवाज? मी होय म्हणून मान हलवली. त्यांनी माउसवरचा माझा हात उचलून स्वतःच्या हातात घेतला.
"आता नको गो बाय. तुझ्या भावाला बोलावलाय. तो आला की लाव."
शेजारच्या काकींकडून दादाला फोन करवला, तोही परवाच. मला पत्ता नाही. दादा आज संध्याकाळपर्यंत हातखंब्याच्या फाट्यावर एसटीतून उतरेल.
स्पीकर बंद करून ठेवला आहे. तरी त्या खोलीत जाववत नाही.